जुन्या पिकअप गाडीचे आवाज व त्यांची परीक्षा

नव्या यंत्राचा आवाज कोणी लक्ष देऊन ऐकत नाहीं, आणि जुन्या यंत्राचा आवाज ऐकण्याची पुष्कळांस भीति वाटते. नाशिक जिल्ह्यांत लासलगांव किंवा पिंपळगांव येथील बाजारांत मालाच्या ज्या गाड्या येऊन उभ्या राहतात, त्यांत जुन्या पिकअप गाड्यांची संख्या थोडीथोडकी नसते. कांदा, टोमॅटो, कोंबड्यांचें खाद्य, मंडपाचें सामान, असें सर्व कांहीं या गाड्या वाहून नेतात, व एकेका गाडीवर एकेका कुटुंबाचा चरितार्थ चालतो. अशा गाडीच्या इंजिनांतून एखाद्या सकाळीं पूर्वीं कधीं न ऐकलेला आवाज येऊं लागला, म्हणजे मालकाचें मन धास्तावतें. मग कोणी त्या आवाजाकडे कानाडोळा करितो. कोणी तो बंद व्हावा म्हणून मिळेल तें औषध इंजिनांत ओततो. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग सारखेच घातक आहेत. आवाज बंद करणें ही एक गोष्ट, व दोष दूर करणें ही दुसरी. आवाज हा दोषाचा साक्षीदार होय. साक्षीदाराचें तोंड दाबल्यानें गुन्हा नाहींसा होत नाहीं. तेव्हां या साक्षीदाराची साक्ष कशी घ्यावी, व कोणती साक्ष ऐकतांच गाडी जागच्या जागीं थांबवावी, हें आमच्या वाचकांस थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

पिकअप म्हणजे पुढें चालकाची बंदिस्त खोली व मागें माल भरण्यासाठीं उघडा हौदा असलेली लहान मालमोटार. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील शेतकरी आपल्या मोटारीचा मागील भाग काढून टाकीत व त्या जागीं लांकडी पेटी बसवून आपला माल नेत. ही गरज ओळखून फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या मॉडेल टी गाडीस कारखान्यांतच हौदा बसविला व ती गाडी २८१ डॉलरांस विकावयास काढली. तेव्हांपासून या गाडीचें काम फारसें बदललेलें नाहीं. कच्च्या रस्त्यावरून जड माल न्यावयाचा, आणि तोहि पुष्कळदां मापापेक्षां अधिक. म्हणूनच हीं इंजिनें लवकर बोलूं लागतात.

इंजिन बोलतें म्हणजे काय, हें समजण्यास त्याची रचना थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. जर्मनींत निकोलस ऑटो यानें १८७६ सालीं यशस्वी करून दाखविलेल्या चार टप्प्यांच्या इंजिनाचेंच तत्त्व आजच्या पेट्रोल गाडींतहि आहे. नळकांड्यांत, म्हणजे सिलिंडरांत, एक दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खालींवर होत असतो. पहिल्या टप्प्यांत तो खालीं येतो व हवा आणि इंधन आंत ओढून घेतो; दुसऱ्यांत वर जाऊन त्यांस दाबतो; तिसऱ्यांत इंधन पेट घेतें व पिस्टन जोरानें खालीं ढकलला जातो; चौथ्यांत तो वर येऊन जळका वायु बाहेर घालवितो. पिस्टनची ही गति कनेक्टिंग रॉड नांवाच्या दांड्याच्या योगें क्रँकशाफ्टला मिळते, व तो गरगर फिरतो. चार टप्पे पुरे होण्यास क्रँकशाफ्टचे दोन फेरे लागतात. परंतु या दोन फेऱ्यांत प्रत्येक झडप एकदांच उघडावयाची असते; म्हणून झडपा उघडणारा कॅमशाफ्ट निम्म्या वेगानें फिरतो. गाडी उभी असतां इंजिन मिनिटास ८०० फेरे करीत असेल, तर सेकंदास क्रँकशाफ्टचे सुमारें १३ व कॅमशाफ्टचे सुमारें ७ फेरे होतात. हा निम्मेपणा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. झडपांच्या बाजूचा ठोका सावकाश पडतो, व क्रँकशाफ्टच्या बाजूचा ठोका साधारणतः त्याच्या दुप्पट जलद पडतो. सराव झालेल्या कानास हा भेद ओळखतां येतो.

इंजिनाच्या हालत्या भागांमध्यें मुद्दाम फट ठेवलेली असते. क्रँकशाफ्ट व त्याचें बेअरिंग यांच्यामधील फट मिलिमीटरच्या कांहीं शतांश भागांइतकीच, म्हणजे माणसाच्या केंसाच्या जाडीच्या आसपास, असते. या फटींत वंगण तेल दाबानें भरलेलें राहतें, व त्यामुळें धातूला धातु प्रत्यक्ष लागत नाहीं. झिजेमुळें फट वाढली किंवा तेल कमी पडलें, कीं दोन धातु एकमेकांवर आदळूं लागतात. पुष्कळशा आवाजांचा जन्म येथें होतो.

आतां परीक्षेचा क्रम सांगूं. आवाज ऐकतांच पान्हा हातीं घेणें हा उतावीळपणा होय. चांगला वैद्य रोग्याच्या अंगाला हात लावण्यापूर्वीं त्यास चार प्रश्न विचारतो. तसेंच येथें करावें. पहिला प्रश्न, आवाज केव्हां येतो? इंजिन थंड असतां येऊन गरम होतांच जातो, कीं गरम झाल्यावरच सुरू होतो? दुसरा प्रश्न, तो कशाबरोबर वाढतो? गाडी उभी ठेवून इंजिनाचा वेग वाढविला असतां आवाज वाढला, तर दोष इंजिनांत किंवा त्याच्या पट्ट्यांत शोधावा. इंजिनाचा वेग बदलूनहि आवाज तसाच राहिला, पण गाडीच्या वेगाबरोबर कमीजास्त झाला, तर तो चाकांचा किंवा मागील शाफ्टचा असण्याचा संभव अधिक. क्लचचा पेडल दाबतांच आवाज सुरू झाला किंवा थांबला, तर क्लच व गिअरपेटी यांकडे वळावें. तिसरा प्रश्न, चढावर व भरल्या हौद्यानें तो वाढतो काय? आणि चौथा, तो आला त्याच्या आधीं गाडीस काय झालें होतें? तेल बदललें, पट्टा नवा घातला, कीं गाडी दगडावर आदळली? या प्रश्नांस एक पैचाहि खर्च नाहीं. तरी निम्मा शोध यांतच लागतो.

प्रश्नांनंतर पहिलें काम म्हणजे इंजिन बंद करून, गाडी सपाट जागीं उभी असतां, डिपस्टिक काढून तेल पाहणें. तेल खालच्या खुणेच्या खालीं गेलें असेल, तर इतर सर्व तर्क बाजूस ठेवून प्रथम तें पुरें करावें, व तें गेलें कोठें याचा तपास करावा.

जागा शोधण्यासाठीं मिस्त्री लोक एक साधी युक्ति करितात. लांब पेचकसाचें टोंक इंजिनाच्या अंगाला टेकवून त्याची मूठ कानाशीं धरतात. हवेंतून ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो, तर पोलादांतून ५,००० मीटरांहून अधिक वेगानें जातो, आणि वाटेंत त्याचा जोरहि कमी विरतो. त्यामुळें पेचकस आवाजाच्या उगमाजवळ आला, कीं ठोका एकदम स्पष्ट होतो. या युक्तीचें वैद्यकांतील भावंड सर्वांस ठाऊक आहे. पॅरिस येथील नेकर रुग्णालयांतील डॉक्टर रेने लेनेक यानें १८१६ सालीं कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीस लाविली व हृदयाचे ठोके पूर्वीं कधीं न ऐकलेल्या स्पष्टपणें ऐकिले. पुढें त्यानें लांकडी नळी केली, व तोच आजच्या स्टेथोस्कोपचा पूर्वज होय. लेनेकच्या पूर्वींहि छातींतून आवाज येतच होते. त्यानें केलें तें इतकेंच कीं, कोणता आवाज कोणत्या रोगाचा, हें एकेक पडताळून लिहून ठेविलें. इंजिनाच्या बाबतींतहि खरी विद्या हीच आहे.

मात्र ही परीक्षा करतांना जीव सांभाळला पाहिजे. गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून हातब्रेक ओढावा व चाकांस दगड लावावे. धोतराचा सोगा, ओढणी, सैल बाही किंवा मोकळे केंस फिरत्या पंख्याजवळ नेऊं नयेत. बंद खोलींत इंजिन चालवूं नये. कारण धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूस रंग नाहीं, वास नाहीं, व तो माणसास नकळत ठार करितो.

आतां निरनिराळ्या आवाजांकडे वळूं. सकाळीं इंजिन सुरू करतांच जी तीक्ष्ण किंकाळी ऐकूं येते, ती बहुधा पुढील पट्ट्याची असते. दुरून पट्ट्यावर पाण्याचा थोडा फवारा मारावा. आवाज क्षणभर थांबून पुन्हां आला, तर पट्ट्याच्या चाकांची ओळ वांकडी झालेली असण्याचा संभव असतो. उलट तो वाढला, तर पट्टा ढिला झालेला असतो. किंकाळीऐवजीं सतत घरघर येत असेल, तर पाण्याच्या पंपाचें किंवा अल्टरनेटरचें बेअरिंग पाहावें. इंजिन बंद करून पट्टा उतरवावा व एकेक चाक हातानें फिरवावें. खराब बेअरिंगची खरखर बोटांसहि कळते. हा दोष क्षुल्लक वाटतो. पण पाण्याचा पंप बंद पडला, तर कांहीं मिनिटांतच इंजिन तापून त्याचें डोकें वांकडें होऊं शकतें.

दुसरा आवाज शिवणयंत्रासारखी बारीक टिकटिक. ती इंजिनाच्या वरच्या भागांतून येते व सावकाश पडते. ती झडपांच्या टॅपेटांची होय. धातु उष्णतेनें प्रसरण पावतो, म्हणून झडपेच्या देठाशीं मिलिमीटरच्या कांहीं दशांश भागांइतकी फट ठेवावी लागते. फट वाढली, कीं टिकटिक वाढते. कारखान्याच्या पुस्तकांत दिलेलें माप पाहून व फिलर गेजची पात घालून ती बेताची करितां येते. येथें एक इशारा आवश्यक आहे. टिकटिक अजिबात बंद व्हावी म्हणून कांहीं लोक फट नाहींशी करितात. मग झडप गरम होऊन लांबते, पुरती मिटत नाहीं, आणि जळत्या वायूच्या झोतानें तिची कड जळून जाते. अशा वेळीं टिकटिकणारी झडप बरी, पण मुकी झडप नको. कांहीं इंजिनांत तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट असतात. ते सकाळीं क्षणभर टिकटिकून थांबले, तर चिंतेचें कारण नाहीं.

याच टिकटिकीसारखा भासणारा एक फसवा आवाज धूर बाहेर नेणाऱ्या मार्गाचा असतो. मॅनिफोल्डच्या सांध्यास फट पडली, कीं प्रत्येक स्फोटासरशीं फुसफुस किंवा टकटक होते. ती थंडपणीं मोठी असते, व धातु तापून सांधा घट्ट बसतांच कमी होते. सांध्याजवळ काजळीची काळी रेघ दिसली, तर निदान पक्कें झालें. यानें इंजिन मोडत नाहीं, पण तो वायु चालकाच्या खोलींत शिरल्यास प्राणावर बेततें. म्हणून दुरुस्ती लांबवूं नये.

थंड इंजिनाचा पोकळ, बसका ठोका, जो पांचदहा मिनिटांत आपोआप मावळतो, तो बहुधा झिजलेल्या पिस्टनचा असतो. पिस्टन बहुधा ॲल्युमिनियमचा व सिलिंडर बिडाचा असतो; ॲल्युमिनियम तेवढ्याच उष्णतेनें बिडाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. त्यामुळें गरम होतांच पिस्टन फुगून फट भरून काढतो. असें इंजिन सावकाश तापवून, बेताचा भार घालून, पुष्कळ दिवस चालवितां येतें.

डिझेल गाडीच्या बाबतींत हेंहि लक्षांत ठेवावें कीं, तिची खडखड हा सर्वस्वीं दोष नव्हे. रुडॉल्फ डिझेल याचें इंजिन १८९७ सालीं यशस्वी ठरलें. त्यांत ठिणगी नसते, केवळ दाबून तापलेल्या हवेंत इंधन सोडलें कीं तें पेट घेतें. दाब एकदम वाढतो, व त्याचाच तो आवाज. मात्र चार सिलिंडरांपैकीं एकाचाच ठोका वेगळा व मोठा ऐकूं येऊं लागला, तर इंधन सोडणारा इंजेक्टर तपासून घ्यावा. हें काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावें. कारण इंधनाच्या नळींतील झोत कातडी भेदून शरीरांत शिरण्याइतका जोरदार असतो.

पेट्रोलच्या जुन्या गाडींत कसारा घाटासारखा चढ चढतांना, डब्यांत खडे खुळखुळावे तसा खणखणाट होतो. पिस्टनच्या डोक्यावरील इंधन ठिणगीपासून क्रमानें जळत जावयाचें, तें सोडून उरलेला भाग दाबानें व उष्णतेनें आपणच एकदम पेटतो, त्याचा हा आवाज. हलकें पेट्रोल, सांठलेला कार्बन, तापलेलें इंजिन किंवा वेळेपूर्वीं पडणारी ठिणगी, यांपैकीं एक कारण बहुधा असतें. चालकानें गिअर उतरवून भार कमी करावा, व मुक्कामीं पोंचतांच कारण शोधावें. कारण फार दिवस चालल्यास हा स्फोट पिस्टनला भोंक पाडतो.

या खणखणाटाचा इतिहास आमच्या मूळ मुद्द्यास फार पोषक आहे, म्हणून तो सांगतों. १९२१ सालीं अमेरिकेंत थॉमस मिज्ली या संशोधकास असें आढळलें कीं, पेट्रोलमध्यें शिशाचें एक संयुग, टेट्राएथिल लेड, अगदीं थोडें मिसळलें कीं हा आवाज थांबतो. उपाय स्वस्त होता, व तो जगभर पसरला. पण शिसें हें विष आहे. १९२४ सालींच हें द्रव्य तयार करणारे कांहीं कामगार विषबाधेनें भ्रमिष्ट होऊन मरण पावले. तरीहि उपाय चालू राहिला, आणि धुरावाटे शिसें हवेंत, मातींत व मुलांच्या रक्तांत गेलें. लहान मुलांच्या बुद्धीच्या वाढीस त्यानें अपाय होतो, हें पुढें सिद्ध झालें. भारतांत १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. रस्त्यावरील गाड्यांसाठीं तें विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तेथें तें २०२१ सालीं थांबलें. आवाज इंजिनाचा बंद झाला. किंमत मात्र दोनतीन पिढ्यांच्या मुलांनीं दिली.

आतां सर्वांत महत्त्वाचा आवाज. इंजिनाच्या खालच्या भागांतून, लोहाराच्या घणासारखा, कठीण व जलद ठोका येतो. इंजिन गरम होऊन तेल पातळ झालें कीं तो वाढतो, आणि वेग वाढवून ॲक्सिलरेटर हळूच सोडला असतां अधिक स्पष्ट होतो. हा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका होय. त्याहून खोल व जड, भरल्या गाडीनें जोर घेतांना जाणवणारा धबधब आवाज क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगचा असतो. पेट्रोलच्या जुन्या गाडींत जाणता मिस्त्री एकेका सिलिंडरची ठिणगी क्षणभर तोडून पाहतो. ज्या सिलिंडरची ठिणगी तोडतांच ठोका मंदावतो, त्याचाच रॉड दोषी. हा ठोका ऐकूं आला, किंवा चालत्या गाडींत तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लागला, तर गाडी रस्त्याच्या कडेस घेऊन इंजिन त्याच क्षणीं बंद करावें. बाजार पांच कोसांवर असो वा अर्ध्या कोसावर, इंजिन पुन्हां सुरू करूं नये. गाडी ओढून न्यावी. बेअरिंगच्या पाती वेळेवर बदलल्या, तर इंजिन वांचण्याची आशा असते. परंतु ठोका खात गाडी तशीच रेटली, तर रॉड तुटून इंजिनाचें बीड फोडून बाहेर येतो, आणि मग सबंध इंजिनच नवें घेण्याची पाळी येते. एका खेपेच्या भाड्यासाठीं वर्षाची कमाई घालविण्याचा हा प्रकार होय.

दुर्दैवानें लबाडीहि याच आवाजाच्या आश्रयानें चालते. जुनी गाडी विकतांना इंजिनांत फार दाट तेल भरून ठोका दडविणें, किंवा गिअरपेटींत लांकडाचा भुसा घालून तिची घरघर मऊ करणें, या युक्त्या फार जुन्या आहेत. म्हणून जुनी गाडी घेणारानें ती रात्रभर थंड राहिल्यावर सकाळीं स्वतः सुरू करून ऐकावी, आणि मग अर्धा तास चालवून, पूर्ण गरम झाल्यावर, पुन्हां ऐकावी. थंडपणीं एक साक्ष मिळते, गरमपणीं दुसरी. दोन्ही जुळल्याशिवाय पैसे मोजूं नयेत.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं गाडी, ट्रॅक्टर, निदान पाण्याचा पंप तरी असेल. त्यांस आमची एक सूचना आहे. यंत्र निरोगी असतांनाच त्याचा आवाज नीट ऐकून ठेवावा. थंडपणीं कसा, गरमपणीं कसा, भाराखालीं कसा, हें कानांत मुरलें म्हणजे वेगळा सूर पहिल्याच दिवशीं कळतो. घरांतील मोठीं माणसें कामाच्या घाईंत असतात. अशा वेळीं, "आज गाडी वेगळी वाजते, तेल पाहूं या," असें एखाद्या मुलानें किंवा मुलीनें म्हटलें, आणि त्या दिवशीं पांच मिनिटें थांबून डिपस्टिक काढून पाहिली, तर पुढच्या हंगामाचा माल बाजारांत नेण्यास तीच गाडी दारांत उभी राहील.